बारावा द्रोण

लग्नानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात यांच्या शर्टाच्या कॉलरवर मला लाल डाग दिसला. अगदी कुंकवाचा रंग. शर्ट बादलीत न टाकता मी त्याची घडी केली आणि ट्रंकेत साड्यांखाली ठेवून दिला. पुरावा म्हणून. वहीत लिहिलं, ‘कॉलरवर कुंकू. माझं नाही.’

वहीची सवय वडिलांची. ते वाईला पोस्टात होते आणि देवपूजा झाली की रोज एक पान लिहायचे. तिथी, नैवेद्य, कोण आलं, कोण काय बोललं. मीही तसंच लिहीत आले. छत्तीस वर्षांच्या छत्तीस वह्या झाल्या.

असे चार शर्ट जमल्यावर मी विचारलं. यांनी शर्ट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, वास घेतला आणि म्हणाले, “रविवारी जुनी साडी नेस. कारखान्यात जायचंय.”

नवी मुंबईतल्या पावण्याला तेव्हा ओळीने लहान लहान शेड होत्या. त्यातल्या एका शेडमध्ये लाउडस्पीकरची चुंबकं बनायची. हे, म्हणजे सुधीर खांबेटे, एम.एस्सी. फिजिक्स, तिथे माल तपासायच्या कामावर होते. आत पाऊल टाकलं तर भिंती लाल, जमीन लाल, कामगारांच्या पापण्यासुद्धा लाल. लोखंडाच्या गंजाची पिठासारखी मऊ भुकटी. ती साच्यात दाबून तिच्या कड्या करायच्या आणि भट्टीत भाजायच्या. आत जाताना लाल, बाहेर येताना काळ्याभोर. यांनी एक गार झालेली कडी माझ्या हातावर ठेवली.

“हे तुझं कुंकू.”

ती कडी अजून आमच्या फ्रिजवर आहे, तिथीचं पान धरून बसलेली.

परतताना बसमध्ये हे म्हणाले, “वही लिहितेस ते चांगलं आहे. पण आम्ही कामाच्या नोंदीत एक पाळतो. दिसलं ते एकीकडे आणि वाटलं ते दुसरीकडे. डाग लाल होता हे तुला दिसलं. कुंकू होतं हे तुला वाटलं.”

दुसऱ्या दिवशी मी दोन पेनं आणली. दिसलं ते निळ्याने लिहायचं, वाटलं ते लालने. आजवर पाळलंय. आणि खरं सांगायचं तर लाल रिफिल नेहमी आधी संपते.

कारखान्यात काम करता करता यांनी डॉक्टरेटचा अभ्यास धरला. विषय काय, तर एकाच भुकटीच्या, एकाच भट्टीतल्या दोन कड्या, मग एक जोराने ओढते आणि दुसरी मरगळलेली का? सात वर्षं हे तेवढंच करत होते. मालक म्हणायचा, दुसऱ्या पाळीचे कामगार झोपा काढतात, त्यांना हाकला. हे म्हणायचे, थांबा. यांचा एक क्रम ठरलेला होता. आधी मापावर संशय घ्यायचा, मग भुकटीवर, मग भट्टीवर. माणसावर सगळ्यात शेवटी. शेवटी निघालं ते असं, की दुसऱ्या पाळीला टाकीतलं पाणी कमी यायचं, भुकटी पुरती धुतली जायची नाही आणि तिचे कण भट्टीत वेडेवाकडे वाढायचे. कोणाची नोकरी गेली नाही. यांना पदवी मिळाली.

माझा क्रम उलटा. मी सुरुवातच माणसापासून करते.

परदेशी माल स्वस्त यायला लागला आणि कारखाना बंद पडला. यांचं वय बेचाळीस, मुलगा स्वानंद सातवीत. तेव्हा एका संशोधन संस्थेत एक भलं मोठं चुंबक सांभाळायला माणूस हवा होता. पाण्याच्या टाकीएवढं ते चुंबक. त्यात रक्ताची किंवा पेशींची बारीक नळी सोडली, की आत साखर किती, आंबट किती, चरबी किती याचा आलेख कागदावर उमटतो. हे तिथे लागले आणि आम्ही खांदेश्वरला राहायला आलो.

त्या चुंबकाला दर सोमवारी थंडगार नायट्रोजन पाजावा लागतो. नाही पाजला तर ते तापतं आणि कायमचं बिघडतं. सोमवारी सण आला तरी हे निघाले. एका लक्ष्मीपूजनाला मी पूजेचं ताट मांडून बसले आणि हे पायात चप्पल घालताना दिसले.

“कुठे?”

“चुंबकाला पाजायला.”

“आजसुद्धा?”

“त्याला काय कळतंय दिवाळी आहे ते?”

माझा विश्वास बसला नाही. फराळाचा डबा देण्याचं निमित्त करून मी रिक्षा केली आणि मागोमाग गेले. आत जाताना पहारेकऱ्याने घड्याळ, किल्ल्या, आकडे, सगळं काढून ठेवायला लावलं. हे खरंच शिडीवर उभे होते. डोळ्यांना मोठा चष्मा, हातात जाड मोजे, भोवती पांढरा धूर. अभिषेक करणाऱ्या गुरुजींसारखे दिसत होते. निळ्याने एवढंच लिहिलं, ‘खरंच पाजत होते.’

पहिली काही वर्षं हे फक्त चुंबक बघत होते. नळीत काय आहे, हे डॉक्टर लोकांचं काम. मग एकदा जेवताना यांनी वरणाच्या वाटीशेजारी आलेख पसरला. कॅन्सरच्या पेशींचा. बोट ठेवून मला दाखवलं, एका जागी जोडीने दोन शिखरं उभी होती.

“हे आंबट. निरोगी पेशी साखर पूर्ण जाळते, चांगल्या पेटलेल्या चुलीसारखी. आणि ही बघ, हावरट. मिळेल तेवढी साखर ओढते, अर्धवट जाळते आणि आंबट करून टाकून देते. समोर हवा असताना! का?”

यांच्या तोंडातला ‘का’ मला ओळखीचा होता. कडी मरगळली तेव्हाही असाच आला होता. त्यानंतर यांनी पन्नाशीला शाळकरी पोरासारखी जीवशास्त्राची पुस्तकं आणून वाचली. मला वाटलं, यांना स्वतःलाच काहीतरी झालंय आणि हे लपवताहेत. नाहीतर आयुष्यभर लोखंडात रमलेला माणूस एकदम कॅन्सरकडे का वळेल? मी यांची कपाटं तपासली, फायली उघडून पाहिल्या, औषधाच्या दुकानात चौकशी केली. काही सापडलं नाही. लाल शाईची तीन पानं मात्र भरली.

मग दीक्षा आली.

दीक्षा तांबे. यांच्याकडे डॉक्टरेट करायला आलेली विद्यार्थिनी. आई भिमाबाई आणि वडील मूळचे रत्नागिरीकडचे, शिरवण्याला भाड्याने राहणारे. मुलगी हुशार, तडतड बोलणारी. रविवारीही तिचे फोन यायचे. “सर, आठव्या नळीचा आलेख हलतोय.” आणि हे हातातला घास टाकून उठायचे. एकदा यांच्या डब्याला सुकटाच्या चटणीचा वास आला. आमच्या घरात मासळी येत नाही.

“कोणाचा डबा खाल्लात?”

“दीक्षाचा. काय चटणी असते तिच्या आईची!”

माझी शेजारीण आणि आमच्या भजनी मंडळातली नंदिनी एवढंच म्हणाली, “आडनावावरून काही कळत नाही गं, पण ती आपल्यातली नाही.” मी तिला गप्प केलं नाही, हे इथे लिहायला हवं. मी तेच वहीत लिहिलं. लाल शाईत, पण लिहिलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. यांचा मोठा अभ्यास शेवटाला आला होता. रुग्णांच्या रक्तातली आणि निरोगी माणसांच्या रक्तातली साखर, आंबट, चरबी ताडून बघायची आणि आजार लवकर ओळखता येतो का ते पाहायचं. हे मार्चमध्ये निवृत्त होणार होते, त्याआधी लेख छापून यायला हवा होता. दीक्षाची पदवीही त्यावरच अवलंबून. रुग्णांचे नमुने पुरे झाले होते. निरोगी बायका बारा कमी पडत होत्या. अट एकच, की रात्री दहानंतर पोटात काही गेलेलं नको.

मी म्हटलं, “आमचं मंडळ आहे की! कार्तिकातला काकडा चालू आहे. पहाटे सगळ्या देवळात असतात, काकड्याआधी कोणी पाण्याचा थेंब घेत नाही. पौर्णिमेला समाप्ती आहे. आरती झाली की तिथेच सोसायटीच्या हॉलमध्ये रक्त घ्या.”

हे खूश झाले. “वैजू, तू माझ्या प्रयोगशाळेत असायला हवी होतीस.”

पौर्णिमा सोमवारी आली. हे चुंबकाला पाजायला गेले, म्हणून हॉलवर नव्हते. रक्त घ्यायला रूपेश नावाचा तंत्रज्ञ आणि दीक्षा सात वाजता आले. आमची आरती साडेसहाला आटपली होती. मंडळातल्या बारा जणींपैकी जाईला ताप होता, ती आली नाही. अकरा जणी हॉलमध्ये खुर्च्यांवर बसल्या. दीक्षा आत आली तशी मी तिच्यापुढे द्रोण धरला. केळं घातलेला शिरा, वर तुळशीचं पान.

“घे. समाप्तीचा प्रसाद.”

“नको काकू.”

“अगं, प्रसादाला नाही म्हणत नाहीत.”

“मी प्रसाद घेत नाही काकू. आमच्या घरी घेत नाहीत. आणि बारावी कोणी नसेल तर आज मलाच रक्त द्यायला लागेल. माझ्याही पोटात काही नाही.” मग तिने द्रोणाकडे बघून विचारलं, “यांच्यापैकी कोणी काही खाल्लं नाही ना?”

“छे गं! काकड्याला कोणी खातं का?”

तिने प्रत्येकीला पुन्हा विचारलं. रात्री दहानंतर काही खाल्लं? नाही. काही प्यायलात? नाही. अकरा सह्या झाल्या. बारावी सही तिची स्वतःची.

चौथ्या दिवशी हे घरी आले ते जेवायला बसलेच नाहीत. सोफ्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मी पाणी दिलं तर माझ्या हाताकडे बघितलं.

“तुला थकवा येतो का?”

“नाही.”

“वजन कमी झालंय का?”

“वाढलंय. का?”

“काही नाही.”

असे आठ दिवस गेले. मी पूजेला बसले की हे मागे दारात उभे असायचे. मला वाटलं, झालं, निवृत्तीच्या तोंडावर यांचं डोकं फिरलं. नाहीतर संस्थेत काहीतरी भानगड आहे. शेवटचं खरं निघालं. नंदिनीच्या भाचीची मैत्रीण तिथे कारकून आहे, तिच्याकडून बातमी आली. दीक्षावर चौकशी बसली होती.

अकरा जणींच्या रक्ताचे आलेख निरोगी माणसांसारखे आले नव्हते. साखर वर, ती आंबटाची जोडशिखरं वर, चरबी खाली. मोजायला बसलं तर ते रुग्णांच्या गटात जाऊन पडत होते. बाराव्या नळीचा आलेख मात्र जसा हवा तसा, आणि ती नळी दीक्षाची. मग लोक काय म्हणणार? हिने नळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. वेळ वाचवायला रुग्णांचं उरलेलं रक्त मंडळाच्या नावावर खपवलं, आणि स्वतःचं तेवढं खरं दिलं. असं ठरलं तर तिची चार वर्षं गेलीच, पण पुढे कोणी तिला प्रयोगशाळेच्या दारात उभं केलं नसतं.

त्या संध्याकाळी यांनी मला समोर बसवलं. “वैजू, नीट आठव. त्या दिवशी कोणी काही खाल्लं होतं?”

“नाही.”

“चहा? बिस्किट?”

“काकड्याला? तुम्हाला काय वाटतं, आमच्या बायका चहा पिऊन देवापुढे उभ्या राहतात?”

“दीक्षा म्हणते, तू तिला प्रसाद दिलास.”

“दिला. तिने घेतला नाही.”

यांनी मान हलवली. मंडळातल्या चौघींना फोन लावला, त्यांनीही तेच सांगितलं. काही खाल्लं नाही. नंदिनी तर भडकलीच. “भाऊजी, आम्ही काय खोटं बोलतो? त्या मुलीला विचारा की!”

माझ्या वहीत त्या दिवशी लालने आहे, ‘नळ्या तिनेच बदलल्या असणार. मी आधीच म्हणत होते.’

पुढच्या आठवड्यात यांनी मला बळेच रक्त तपासायला पाठवलं. का, ते सांगितलं नाही. म्हणाले, वयाप्रमाणे करून घ्यावं. स्टेशनजवळच्या लॅबमध्ये सोनल नावाची मुलगी बसते. सुई हातात घेऊन तिने विचारलं, “आजी, तोंडात काही घातलेलं नाही ना?”

“नाही. पूजा करून तशीच आले.”

“नक्की? गोळी, चहा, काही?”

“काही नाही गं. नैवेद्याचं दूधसाखर तेवढं घेतलं वाटीभर.”

तिने सुई खाली ठेवली. “मग उद्या या.”

“अगं, नैवेद्य होता तो. खाणं कुठे झालं?”

“आजी, पोटाला काय माहीत ते देवाचं आहे?”

मी बाहेर येऊन रिक्षास्टँडजवळच्या कट्ट्यावर बसले. उन्हात, किती वेळ ते आठवत नाही. आरती झाल्यावर मी स्वतः वाढलेले द्रोण डोळ्यांपुढे आले. भरघोस भरले होते, समाप्ती म्हणून. अकरा जणींनी बोटं चाटून संपवले होते. त्यातली एकही खोटं बोलली नव्हती. मीही नव्हते. प्रसाद घेतात. खातो ते जेवण. आमच्या जिभेवर हे इतकं पक्कं बसलंय, की दहा वेळा विचारलं असतं तरी दहा वेळा नाहीच आलं असतं.

घरी येऊन कार्तिकाचं पान उघडलं. वर निळ्याने होतं, ‘काकडा समाप्ती. शिरा, केळं घालून, बारा द्रोण. सव्वासहापासून मांडले, सहा-चाळीसपर्यंत सगळ्यांनी घेतला. जाई नाही. एक द्रोण उरला. दीक्षाला दिला, तिने घेतला नाही.’

खाली लालने होतं, ‘प्रसादालाही नाही म्हणते. हिच्या पोटात काहीतरी काळं आहे. यांनी हिला फार डोक्यावर चढवून ठेवलीय. हिच्यापासून सावध राहायला हवं.’

एकाच पानावर. वर वेळ, द्रोण, नावं, सगळं तिला सोडवणारं. खाली मी.

मला काय काय सुचलं ते लपवत नाही. वरचा भाग नव्या कागदावर उतरवून द्यावा. पान मधोमध फाडावं. नुसतं तोंडी सांगावं, वही घरीच ठेवावी. हे घरी आले तेव्हा मी वही मांडीवर घेऊन बसले होते. वाचायला दिली. यांनी निळं वाचलं. मग खाली बसले, जमिनीवर, फ्रिजला टेकून.

“शिरा,” म्हणाले. “शिरा!” आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. “पंधरा दिवस मी तुझ्या नळीचा आलेख खिशात घेऊन फिरतोय वैजू. दीक्षाने नळ्या बदलल्या असतील तर तू ठीक आहेस. नसतील बदलल्या तर तू... मला ते धरवेना. म्हणून मला वाटायला लागलं, तिनेच बदलल्या असाव्यात.”

“तुम्ही?”

“मी. माप तपासलं नाही, भुकटी तपासली नाही. सरळ माणसावर गेलो.”

मग यांनी लाल ओळी वाचल्या. मी म्हटलं, “एवढं फाडून टाकू का?”

“फाडलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.” वही परत माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, “पण वही तुझी आहे.”

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे चौकशी करणाऱ्या शर्मिला मॅडम आणि दोघे जण. अलीकडे दीक्षा, पदर नसताना पदर आवळून बसावं तशी. मी वही पुढे सरकवली. मॅडमनी निळं मोठ्याने वाचलं, वेळेवर बोट ठेवून परत वाचलं.

“रक्त कितीला घेतलं?”

“साडेसातला सुरुवात,” दीक्षा म्हणाली. “सगळ्यांच्या पोटात पन्नास मिनिटांपूर्वीचा शिरा.”

“आणि बाराव्या द्रोणाला हात लागला नाही,” मॅडम म्हणाल्या. मग खाली बघून थांबल्या. “हे लाल काय आहे?”

“दिसलं ते निळं. ते मला वाटलेलं आहे.”

“वाचायचं का?”

मी दीक्षाकडे बघितलं. “तिला वाचू द्या.”

तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तिने वही मिटली नाही, तशीच मॅडमकडे परत सरकवली. “फाईलला पूर्ण पान लावा मॅडम. अर्धं लावलं तर उद्या कोणी म्हणेल, खालचं का झाकलं.”

पानाची झेरॉक्स काढली. झेरॉक्समध्ये निळंही काळं आलं आणि लालही काळंच.

दीक्षावरचा आरोप त्याच दिवशी निघाला. यांनी लेखी दिलं की चूक मार्गदर्शकाची, स्वतःच्या घरातल्या माणसांवर विसंबून खात्री केली नाही. ते नमुने टाकून द्यायचे, बारा नवे घ्यायचे. म्हणजे लेख मार्चपर्यंत येणं शक्य नव्हतं. आला नाही. यांच्या निरोपसमारंभात लोक चुंबकाबद्दलच बोलले.

बाहेर जिन्यात मी दीक्षाला थांबवलं. “माझं चुकलं गं.”

“तुम्ही लिहून ठेवलंत म्हणून मी सुटले काकू. नाहीतर कोणाला आठवलं असतं, मी एक द्रोण घेतला नाही ते?” दोन पायऱ्या उतरून ती वळली. “पण वाचून बरं नाही वाटलं.”

“हो.”

“ते सांगितलं. मनात ठेवत नाही मी.”

नवे नमुने घ्यायला यांनी मुद्दाम असा बुधवार शोधला, की फ्रिजवरच्या पानावर त्या दिवशी ना उपास, ना सण, ना एकादशी. निकाल पुढे तीन आठवड्यांनी लागला आणि बरोबर लागला. पण त्या सकाळचं सांगते. त्याच अकरा जणी, आणि तापातून उठलेली जाई. नंदिनी फुगून बसली होती. दीक्षा टेबलाशी नवा फॉर्म घेऊन उभी. आता प्रश्न लांबलचक होता.

“रात्री दहानंतर तोंडात काही घातलंत? जेवण, चहा, प्रसाद, तीर्थ, नैवेद्य, मुखशुद्धी?”

“तुळशीचं पान?” नंदिनीने विचारलं.

“नाही.”

“आवंढा गिळलेला चालेल ना बाई? की त्याचंही टेन्शन?”

सगळ्या हसल्या. दीक्षाही. “तो घरून आणलेला असेल तर चालेल मावशी.”

मी पहाटे शिरा केला होता. तो डबा यांच्या ताब्यात दिला होता, हॉलच्या बाहेर. हे डब्यावर हात ठेवून पहारेकऱ्यासारखे बसले होते, रक्त दिल्याशिवाय कोणी जवळ फिरकू नये म्हणून. शेवटची नळी बर्फात गेली तसे द्रोण वाटले. बारा, आणि वर एक. तेरावा घेऊन मी दीक्षापाशी गेले.

तिने द्रोणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काकू, हा प्रसाद आहे का?”

“नाही.”

“देवाला दाखवलाय?”

“नाही. आज दाखवला नाही. मुद्दाम.”

घरात गोड केलं आणि देवापुढे न ठेवता बाहेर नेलं, असं माझ्या हातून चौतीस वर्षांत पहिल्यांदा झालं होतं. पहाटे देवघराकडे पाठ करून डबा भरताना मला ते जडच गेलं. तिला सांगितलं नाही.

“खरंच?” तिच्या नजरेत संशय होता, चांगला मुरलेला. त्याला मी काय बोलणार!

“संध्याकाळी वहीत लिहिते. निळ्याने.”

तिने चमचा उचलला. एक घास खाल्ला, जरा चघळला, दुसरा घेतला.

“साखर जरा जास्त झालीय काकू.”

झाली होती. एका वाटी रव्याला मी दोन वाट्या साखर घातली होती.